चोथा

उत्तरेश्वर पेठेत मालूताई कवडेच्या डंकावर
मी पाव किलो लवंगी मिरची नेली, तेव्हा ती हसली.
"एवढीशी? बाहुलीचं लगीन हाय व्हय?"
म्हटलं, प्रयोगाला हवी.
तेल नको, मीठ नको, भाजायचीही नाही.
"बिनभाजता? मग ती चटणी न्हाई, नुसता ठसका."
तरी तिनं उखळ कापडानं कोरडं पुसलं,
आधीच्या गिऱ्हाइकाचं दगडफूल नखानं टिपून काढलं.
आमच्याकडेही भांडं आधी असंच कोरं करून घेतात,
फक्त त्याची वहीत नोंद होते.

सागरमाळावर प्रयोगशाळेची खिडकी आता उघडी असते.
हेक्झेनचे दिवस होते तेव्हा
वरचा पंखा बंद पडला की सगळे कपाळ दाबत बसायचे.
प्रल्हाद शिपाई म्हणायचा, मॅडम,
पेट्रोल पंपावर जेवायला बसल्यागत वाटतंय.
मिरचीतून काढायचं ते दुखण्यावरचं औषध,
आणि काढायला लावायचं कोणाला,
तर रॉकेलच्या चुलतभावाला.

आता मी कोलीन घेते,
कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती पांढरी भुकटी,
आणि लिंबातलं आम्ल, तेही पांढरं, कोरडं, खडखडीत.
एका बाटलीत. ऐंशी अंशावर.
बराच वेळ काही होत नाही.
मी चहा पिऊन येते, तरी नाही.
मग काचेच्या कडेला एक ओली रेघ.
पाणी तर कुणीच घातलेलं नसतं.
तासाभरात बाटलीभर काकवी,
रंग नसलेली, पण तेवढीच आळशी,
वाकडी केली तरी विचार करून सरकणारी.
याचं कारण पुस्तकात आहे, मी ते परीक्षेत लिहिलंय,
पूर्ण गुण मिळालेत.
तरी दर वेळी बाटली उन्हाला धरून बघते.

त्यात मिरची, चमचाभर पाणी,
आणि मग ते घमेलं, ध्वनीनं हलवणारं.
प्रल्हाद त्याला मधमाश्यांचं घमेलं म्हणतो.
मालूताईचा डंक धब्ब धब्ब सांगून कुटतो,
हे नुसतं गुणगुणतं,
आतल्या आत पेशी फुटतात, ऐकू येत नाही.

गाळून बघितलं तर खाली उतरलेलं पाणचट पिवळं.
लाल सगळा वर, फडक्यात, जसाच्या तसा.
तिखट तेवढं निघून आलेलं, रंगाला न सांगता.

चोथा तीनदा धुतला, वाळवला,
पुडीत बांधून डंकावर नेला. दाखवायला फक्त.
मी हां हां म्हणेपर्यंत तिनं चिमूट जिभेवर ठेवली.
थांबली.
पुन्हा एक चिमूट.
"अगं, ही मेल्याली मिरची. तरी लाली बघ,
आमच्या थोरल्या जावंगत."
आणि पुडी कमरेला खोवली.
पुण्याची सून येणार होती, रस्सा रंगवायला चालंल म्हणाली.
मी परत मागितली. हजारदा सांगितलं, खायचं नाही.
दिली, पण रुसून.

मग खांदा चोळत विचारलं,
"आणि त्यातला जीव? त्यो कुठं ठेवलास?"
मी मलमाचं सांगितलं. सांध्यांना लावतात.
बराच वेळ ती उखळाकडं बघत राहिली.
"जिनं तीस वर्षं खोकवलं, तीच खांद्याला लावू?
आण की मग."
अजून चाचण्या व्हायच्यात, म्हटलं.
"व्हय. आमच्या झाल्यात."

निघताना हाक मारून म्हणाली,
घरी पोराचं डोळं पुसशील तर कोपरानं पूस.
हातमोजे असतात म्हटलं.
"मोज्याचं मला सांगू नको.
माझी तिन्ही पोरं कोपरानं पुसून वाढल्यात."

संध्याकाळी सरांनी विचारलं, किती टक्के?
हेक्झेनपेक्षा कमी, म्हटलं. थोडं मागं राहतं.
कुठे राहतं?
वहीत रकाना कोरा होता.
डोळा चुरचुरला,
आणि माझं कोपर आपोआप वर गेलं.