घोड्याच्या जागी कांडी

गोळीबार चौकात, निमज्यांच्या ओसरीवर,
माग थांबले की पट निघायचा.
पुठ्ठ्यावर आखलेली चौसष्ट घरं,
काळा एक घोडा हरवलेला,
त्याच्या जागी सुताची रिकामी कांडी.
नवख्याला आधीच सांगून ठेवत :
हे अडीच घरं चालते.

मी जायचो धरमपेठेतून, सायकलवर.
विद्यापीठाचा विजेता, वय बावीस,
घरी कप, कपावर माझं नाव,
एका वेलांटीनं चुकलेलं.

कवडू निमजे रंगारी,
कोपरापर्यंत हात निळे.
आधीची पोरं जगली नाहीत म्हणून
आईनं कवडीमोलाचं नाव ठेवलं,
नजर लागू नये.
लागली नाहीच. कुणाचीही.

त्या रात्री त्यानं हत्ती उचलला
आणि जिथं काहीच नव्हतं तिथं नेऊन ठेवला.
कवडूभाऊ, झोप आली काय जी?
लोक हसले. तो काडेपेटी शोधत होता.
अकरा चालींनंतर
ते कोपऱ्यातलं घर
पटाच्या मधोमध येऊन बसलं.
समोरचा अजून डोकं खाजवत होता
आणि मी हसलो. मोठ्यानं. एकटाच.

आता खरं सांगतो :
त्यानं खेळण्याआधी मला ते दिसलं नव्हतं.
खेळल्यावरही नाही, पार शेवटी दिसलं,
पण इतकं लख्ख
की वाटलं, माझ्याच डोक्यातून निघालं.
बाकी कुणाला कळलं नाही ना?
मग आम्ही दोघंच.
मग, कोपरापर्यंत निळा नसलेला मी
जरा वरचाच.

निघताना कांडी खिशात घातली.
दुसऱ्या दिवशी त्यांनी
घोड्याच्या जागी काय ठेवलं असेल
हे कधी विचारलं नाही.
झिरो माइलपाशी सायकल थांबवली,
मध्यरात्र उलटलेली,
आणि ते चारही घोडे
माझीच वाट बघत असल्यासारखे उभे.

त्यांच्या भरवशावर बँकेची परीक्षा सोडली.
भिलाई, इंदूर, कोट्टायम,
धर्मशाळा, उकडलेली अंडी, नऊ वर्षं.
‘थोडक्यात गेलं’ हे मी इतक्यांदा म्हटलं
की आई दार उघडतानाच ते म्हणायची,
म्हणजे मला म्हणावं लागू नये.

कवडू भेटला मेयोच्या व्हरांड्यात,
बायकोच्या एक्स-रेसाठी रांगेत.
मी म्हटलं, भाऊ, तो हत्ती!
कोणता हत्ती?
मी सगळा डाव सांगितला, हवेत बोटं नाचवत.
त्यानं ऐकून घेतलं, पाहुण्याचं ऐकावं तसं.
‘चेस तं टाइमपास होता जी.
डोकं माह्यं आकड्यात चालते.’
आणि वही काढली.
ओपन, क्लोज, तारखा, बाण,
सतरा वर्षांचा मटका निळ्या अंगठ्यांनी मळलेला.
‘आता लाइन सापडली पाहा.
काल थोडक्यात गेला. एका घरानं.’
तो आवाज
मी कुठं ऐकला होता, मला माहीत होतं.

आता त्रिमूर्तीनगरात क्लास घेतो,
कूलरच्या घरघरीत, बावीस पोरं.
आया विचारतात, सर, आमच्याच्यात आहे ना काही?
मी म्हणतो, पाणी द्या त्याला, ऊन फार आहे.

काल प्रणोती टेंभुर्णेनं, वय नऊ,
फ्रॉकला हात पुसत
उंट मागं घेतला. विनाकारण.
मी तोंड उघडलं, मिटलं.
सातव्या चालीला कळलं
आणि छातीत ते जुनं लगेच सुरू :
हे तर मीही...
खिशात हात घातला, कांडी घट्ट धरली.

सर, बरोबर होतं?
मला नसतं सुचलं, मी म्हटलं.
पहिल्यांदाच म्हटलं. घसा कोरडा पडला.
तिचं लक्ष नव्हतं.
ती पुढच्या डावाच्या सोंगट्या लावत होती,
खाली वाकून, सतरंजी उचलून शोधत :

सर, एक घोडा कमी आहे.