पेव

मार्केट यार्डासमोर प्रिंट काढली जाहिरातीची.
जागा एक. मुदत अकरा महिने.
मानधन नियमानुसार, आणि खाली बारीक टायपात:
निधी मंजूर झाल्यास.

पेट पास होऊन दोन वर्षं झाली.
मगदूम सरांकडं आठ विद्यार्थी, आठही जागा भरलेल्या.
"कुणाचा प्रबंध सादर झाला की बघू," म्हणतात,
आणि मी अनोळखी मुलांच्या व्हायव्हाची वाट बघते
कुणाच्या तरी बदलीची बघावी तशी.

मुलाखतीत विचारलं, हळदीवरचीच बुरशी का?
मी शोधनिबंध मोजायला लागले,
मग बोलून गेले हरिपूरच्या बंदेनवाजचाचांचं:
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर थांबायचं.
आत सोनं असलं तरी.

एका बाईंनी पेन खाली ठेवलं.
शिपायानं पुढचं नाव पुकारलं.

गाडी अंकलीच्या पुलावर आली तेव्हा
फाइल मांडीवर, झेरॉक्सचे तीन संच,
नखांत पिवळं तसंच,
तीनदा साबण लावूनही.
'कळवू' म्हणालेत.

दोरी अजून हातात आहे.
खाली काहीतरी मिणमिणतंय,
का मलाच वाटतंय.