मुळावर

पाडव्याच्या आदल्या पहाटे, साडेचारला,
सिंदेवाहीच्या अलीकडच्या जंगलात
अंजिराआत्या मोहाखाली वाकलेली
आणि मी तिच्या मागे उभा, टॉर्च आणि काठी घेऊन.
तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवतो मी,
मार्चचे पैसे जूनमध्ये मिळतात.
राखणीचे मात्र रोज:
मूठभर भाजलेले मोह.

"टॉर्च बंद कर, सेल जातेत."
बंद केला, आणि दक्षिणेला
पळसांच्या वर तो पट्टा उघडला,
सुपातून राख सांडत
कोणी चालत गेलं असावं तसा.
हात लांब करून मुठी मोजल्या, जमिनीपासून चार.
विंचवाची नांगी धरली,
तिथून एक मूठ वर, किंचित डावीकडे,
बोट थांबवलं.
तिथं काहीच नव्हतं.
काळपट डाग, तव्यावर राहतो तेवढा.

"आत्या, हा बघ मध्य."
"कायचा?"
"सूर्य, हे तारे, सगळे ज्याच्याभोवती फिरतात त्याचा."
तिनं मान वर केली नाही.
"कोणतं नक्षत्र हाये तिथं?"
मी जरा थांबलो.
मूळ.

ती जन्मली त्या महिन्यात बाप बोडीत बुडाला.
पंचांगवाला म्हणाला, पोरगी मुळावर आली.
पुढे तीन स्थळं मूलच्या बसनं आली
आणि त्याच बसनं परत गेली.
चौथं आलंच नाही.
पन्नास वर्षं तिनं त्या दिशेला
पाठ करून फुलं वेचली.

मग मी घाईनं बोलत सुटलो, वर्गात बोलतो तसा.
मध्ये धुरळा आहे, नजर पोचत नाही,
पण रेडिओचे तरंग पोचतात,
पाला जाळल्यावर धुरातून झाड दिसत नाही
तरी मोहाचा वास येतो ना, तसं.
"पण आधी कसं समजलं, तिथंच हाये म्हणून?"
ताऱ्यांचे गोल पुंजके असतात, मी म्हणालो,
लाखालाखाचे, आणि ते सगळीकडे सारखे नाहीत...
तिनं काठीनं माझा पाय सरकवला.
"फुलावर उभा हायेस."
मग अंधारात तळवा फिरवत:
"इकडं इरळ. इकडं दाट.
बुंधा दाटीकडं असते.
त्याले कायची शाळा लागते?"

तेवढ्यात नाल्याकडून वानर खोकलं.
आत्या सरळ झाली.
डावीकडून चितळ ओरडलं, एकदा, पुन्हा एकदा,
मग बराच वेळ कुठंच काही नाही.
तिनं काठी आडवी धरून अंधारात रोखली.
"तिथं. कुंभ्याखाली. बसला हाये."
"दिसला?"
"दिसले पायजे कायले?
बाकीचे कसे वागतेत त्यावरून समजते."

आम्ही हललो नाही.
आणि वाघ होता म्हणून कुजबुजत मी तिला सांगितलं
की त्या डागाच्या आत एक तारा आहे,
सोळा वर्षांत एक फेरी मारतो,
जवळ येताना जीव खाऊन पळतो,
आणि मध्ये, ज्याच्याभोवती पळतो तिथं, उजेड नाही.
वजन चाळीस लाख सूर्यांचं.
"खात नाही त्याले?"
"फार जवळ गेला तर."
"मंग शाना हाये तो," आत्या म्हणाली.

पूर्व धुरकट झाली.
तेव्हा, टोपली पोटाशी धरून,
तिनं पहिल्यांदा मान वर केली.
मी बोट दाखवू लागलो, पण पट्टा विरत चालला होता,
नांगीचे दोन तारे तेवढे, तेही पातळ.
"उजेडातबी तिथंच असते?"
"तिथंच."
"हं."

परतताना ती पुढे, मी मागे,
सात किलो फुलं तिच्या डोक्यावर,
ओला, गोड, डोकं धरणारा वास.
बोडीच्या पाळीवर ती थांबली. पाण्यात पाहिलं नाही.
"बापाले पोहता येत होतं गा," म्हणाली.
"त्या दिवशी पेऊन होता."
आणि टोपली सावरून चालू लागली.