पहिल्या टीवर

सहा वाजून पाच मिनिटं. मे महिना.
आठ वाजले की ऊन मानगूट धरतं,
म्हणून सगळे आत्ताच येतात.
गवतावर दव कुठलं, पाइपातून गळलेलं पाणी आहे थोडं
आणि त्यावर मालकी सांगणारी टिटवी.

समोर उतार. डावीकडं मोहाचं झाड,
उजवीकडं काटेरी तार, तारेपल्याड बाभळी,
मधे चाळीस पावलं रुंद हिरवळ, तीही पाणी मिळालं तर.
साहेबानं आखली म्हणतात ही टी.
घोड्यावरून उतरला, बुटाची टाच रोवली, म्हणाला, इथून.
माझा आजा तेव्हा मशकीनं पाणी मारायचा.
कोणी विचारलं असतं तर तो बोलला असता,
दोन पावलं उजवीकडं घ्या साहेब,
मोह आड येते मंग, सूर्य डोळ्यात नाही जात.
कोणी विचारलं नाही.
नव्वद वर्षं झाली,
सूर्य डोळ्यात जाऊनच राहिला.

बॅग उतरवून मी मागं सरकतो,
माझी सावलीसुद्धा कुणाच्या नजरेत येऊ नये इतका.
मग जे काही होतं
ते मला पाठमोरं दिसतं.
वकील पिंपळापुरे हायकोर्टात तीन तास बोलतात म्हणे,
इथं त्यांच्या कानामागं घाम.
दस्तूर मॅडम हातमोजा तीनदा काढतात, तीनदा घालतात.
कर्नलसाहेब चिमूटभर गवत उडवून वारा बघतात.
वारा नसतो.
ते तरी बघतात.
आणि एक ठेकेदार आहेत, नाव सांगत नाही, टीप चांगली देतात,
त्यांचा चेंडू रोज मोहात घुसतो,
मग ते माझ्याकडं बघतात, जसं झाड मीच लावलं.
"हा सरावाचा होता."
"हो साहेब."
छत्तीस वर्षांत मी एवढं एकच खोटं बोललो,
पण रोज बोललो.

त्याच मोहाखाली चैतात माय फुलं वेचायची, अंधार असतानाच.
पाटीत फुलांबरोबर चेंडूही यायचे.
फुलं वाळत टाकायची आंगणात,
चेंडू धुऊन मी क्लबात विकायचो,
ज्याचा त्यालाच, आठ आण्याला.

सोमवारी क्लब बंद. तो दिवस आम्हा कॅडींचा.
मागितलेल्या काठ्या, कुणाची मूठ सैल, कुणाची दांडी वाकडी.
तीनशे बारा यार्ड. मला पाठ आहेत,
कुठं जमीन कडक, कुठं चेंडू दगा देते,
दुसऱ्याला सांगून सांगून माझी जीभ झिजली.
त्या दिवशी चिठ्ठीत पहिलं नाव माझं निघालं.
चेंडू ठेवला. वाकून उठलो.
मागं बारा जण गप्प झाले.
ती शांतता मी रोज देत आलो होतो लोकांना, फुकट.
तिचं वजन आज पाठीवर कळलं.
बॅगेपेक्षा जास्त होतं बापा.
गुडघ्याला गुडघा लागून राहिला,
सूर्य थेट बुबुळात,
आणि मारला.

पानं वाजली. मग काहीच नाही.
देवमन उईके मागून म्हणाला,
"सरावाचा होता, बे."
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी दुसरा चेंडू काढला नाही.
गेलो मोहाखाली, शोधला, तिथूनच मारला,
नऊ फटके लागले त्या एका भोकाला.
नऊच लिही, देवमनला म्हणालो.
त्यानं पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि नऊ लिहिले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
टीवरचे दोन पांढरे दगड उचलले,
दोन पावलं उजवीकडं नेऊन ठेवले.
जुन्या जागी दोन पिवळे गोल उरले गवतात,
त्यावर पायानं माती सारली.

मंगळवारी पिंपळापुरे आले, कर्नल आले.
चेंडू ठेवला, मारला, डोळे न चोळता
कुठं पडला ते बघत राहिले.
कोणाच्या काही ध्यानात आलं नाही.
टिटवीच्या आलं.
ती जुन्या जागेभोवती चालत
किती वेळ ओरडून राहिली.