हल्ली मुक्काम

शनिवार, रात्री साडेनऊ. अंबड, औद्योगिक वसाहत.
दोनशे बारा संगणक, चार तुकड्या
आणि एक एक्सेल, जिच्यात मी तीन आठवडे राहतेय.
यंत्राचं नाव, माणसाचं नाव, विभाग, तुकडी,
झालं किंवा नाही झालं.
शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून जुबेर कोकणी म्हणतो,
"मॅडम, एवढंच खरं. बाकी सगळा शृंगार."

जुनं डोमेन कुसुम डॉट लोकल.
पहिल्या मालकांनी आईचं नाव दिलेलं,
दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार, वर हळदकुंकू, पंखा जाम होईपर्यंत.
नवं तीन अक्षरांचं, चेन्नईहून आलेलं.
त्यात कुणाचीच आई नाही.

वॉचमन चव्हाणके विचारतात, सासरी पाठवणी का?
पाठवणीला कुणी रडतं तरी, काका.
इथे नुसता रीस्टार्ट.

क्रम चुकवायचा नाही.
आधी प्रत्येक यंत्राचा आतला पासवर्ड चालतोय का बघायचा,
कुसुममधून बाहेर पडल्यावर तेवढंच दार उरतं.
मग बाहेर. मग आत.
मग ज्याचं त्याचं प्रोफाइल नव्या नावावर चढवायचं,
म्हणजे सोमवारी वॉलपेपरवरची मुलगी
जागच्या जागी हसेल.
जमीन तीच, फेरफार नवा.

अकाउंट्स अकरा पस्तीसला पार.
डिस्पॅचला तीन पडद्यांवर एकच वाक्य, इंग्रजीत:
या यंत्राचा आणि मुख्य डोमेनचा
विश्वासाचा संबंध तुटला आहे.
इतकं सरळ
माणसांत कुणी सांगत नाही.
जुबेरनं कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. तिन्ही अकरा मिनिटं मागे.
पाच मिनिटं चालतात, त्यापुढे ओळख नाही.

पाथर्डी फाट्यावरची भुर्जी गार झाली होती.

ओळ एकशे सत्तेचाळीस.
स्टोअर्स, यंत्र सात, निवृत्ती बेंडकुळे.
नाव निवृत्ती, निवृत्त व्हायला चार वर्षं बाकी होती.
श्रावणात गेले. खातं बंद करायला कुणी सांगितलंच नाही,
मीही विचारलं नाही.
चेन्नईचा नियम: नव्वद दिवस न उघडलेलं खातं आणायचं नाही.
पण गेजांची नोंदवही त्यांच्या नावावर,
एकोणीस वर्षांची,
कुठलं गेज किती झिजलं, कुणी पाडलं, कुणी कबूल केलं.
खातं मागे राहिलं तर फाइल राहील,
मालकाच्या जागी फक्त एक लांबलचक आकडा दिसेल,
एस-एक-पाच-एकवीस आणि पुढे कितीतरी,
कुणाचा ते विचारायला कुसुम नसेल.

बाबा गेले तेव्हा रामकुंडाजवळ
गायधनी गुरुजींनी लाल कापडातली वही सोडली.
आमचं गाव धरणाखाली.
गुरुजींनी ते खोडलं नाही.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं,
हल्ली मुक्काम सिडको.

टूलमध्ये एक चौकट असते:
जुना क्रमांक नव्या नावाच्या पोटात ठेवायचा का?
जुबेर म्हणाला, चेन्नई विचारेल.
म्हटलं, विचारू दे.
दोन पन्नासला खूण केली.
खातं आणलं, लगेच कुलूप लावलं.
शेऱ्यात 'मयत' लिहिलं, मग पुसलं,
मग 'इतिहास सोबत' लिहिलं, आणि ते फार वाटलं,
पण ठेवलं.

पहाटेपर्यंत दोनशे अकरा.
लेथशेजारचा एक इतका जुना
की नवं डोमेन त्याला घेईना.
तो राहिला कुसुममध्ये, एकटाच,
हिरव्या अक्षरांत भोकांचे व्यास मोजत.

सोमवारी आठ दहाला पहिला फोन.
स्टोअर्सच्या सुवर्णा विस्पुते.
"बेंडकुळेकाकांची वही उघडली हो,
पण मॅडम,
प्रिंटर कुठे गेला?"