आट्यांवरचं सूत

कापायच्या आधी भरमानं पाइप ठोकून बघितला,
परक्याच्या दारावर टकटक करावी तसा.
“मामा, हा कुणी टाकला गा?”
बाबांनी, म्हटलं.
वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी माग होते तेव्हा,
नळ मात्र चारच.

रस्त्यावरून येतो, न्हाणीला वळतो,
स्वयंपाकघरात येऊन थांबतो.
मागच्या खोलीला पाणी लागायचंच नाही.
तिथं दोन माग होते,
आणि माग पाणी पीत नाही.

माग गेले भंगारात, किलोवर.
फरशीत बोल्टांची आठ भोकं राहिली,
ती मी सिमेंटनं बुजवली. एक राहून गेलं.
आता तिथं शिवलीला राहते, बैलहोंगलची,
सरकारी दवाखान्यात नर्स.
रात्रपाळीहून येते, बादली घेऊन
आमच्या चुलीपासून जाते,
चप्पल हातात, अंग चोरून.
मालन एकदा म्हणाली, “पोर गुणाची आहे,
पण मला पदर सावरून बसावं लागतं.”
पुण्याहून मुलगा म्हणाला,
“नळ द्या, भाडं वाढवा.”
मी भरमाला बोलावलं. भाड्याचं राहू दे.

रस्त्याकडची तोटी बंद. करवत चालली.
पाइप दोन तुकड्यांत आला तेव्हा
मी आत करंगळी घातली, ती शिरली नाही.
आतून गंज चढत चढत
एक शेंगदाणा जाईल एवढीच वाट उरलेली.
बारशी, बाळंतपणं, बाबांची शेवटची आंघोळ,
सगळं घर एवढ्याशा भोकातून प्यालं.

भरमानं डाय लावून नवे आटे पाडले,
तेलाचे काळे वळसे खाली पडत राहिले.
टी हातात घेऊन फिरवली:
एक तोंड जुन्या वाटेला, एक न्हाणीला,
तिसरं मागच्या भिंतीकडं.
मग पिशवी चाचपली. ज्यूट संपलेला.
दुपारचे दोन, दुकानवाला जेवायला गेलेला.

फळीवर एक कांडी होती,
शेवटच्या लुगड्याचं उरलेलं तांबडं सूत.
का ठेवली होती, विचारू नका.
भरमानं निपल धरला,
मी आट्यांच्या दिशेनं गुंडाळत गेलो.
उलटं गुंडाळलं तर आवळताना सुटतं,
हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.
बोटं चालत राहिली, चालतच राहिली.
“बस की हो मामा, लुगडं विणूलालाय काय?”
वरून सफेदा. मग पान्हा, आणि भरमाचं सगळं वजन.

पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडं.
तोवर जोड चांगला की वाईट, कुणाला कळणार?
चार दिवस मी येता-जाता त्याला बघत होतो,
पोरगं परीक्षा देऊन आल्यासारखं.

पहाटे साडेतीनला पाइप खोकला.
मागून हवा फुसफुसली, मग आवाज आला,
“मामा, नीर बंतु! नीर बंतु री!”
आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून मालन,
“अहो, इकडची धार बारीक झाली.”
दोघीही खरं बोलत होत्या.

मी बॅटरी घेऊन जोडापाशी उकिडवा.
टीच्या गळ्याशी एक थेंब. तांबडा.
सुताचा रंग सुटला होता.
पडला. सात मोजेपर्यंत दुसरा.
मग पंधरा. मग चाळीस.
सूत भिजलं की फुगतं आणि धरून ठेवतं,
भरमा सांगून गेला होता.
शंभराच्या पुढं मोजता आलं नाही,
मालननं घागर उचलायला हाक मारली.

आता मध्ये भिंत आहे आणि एकच पाइप.
ती तिकडं तोटी उघडते, इकडं आमची धार उतरते.
मालन कळशी तशीच धरून थांबते,
पुटपुटते, कधी कधी मोठ्यानं.
मग धार अचानक जाड होते, कळशीत आवाज बदलतो,
आणि मालन म्हणते,
“भरली वाटतं तिची बादली. झोपेल आता पोर.”