बेकायदा कनेक्शन

करदोटा कापायला कात्री मागवावी लागली.
रेशमाचा आहे, म्हटलं.
चांदीचा मणी आहे ना आजोबा, फोटोत येईल,
म्हणाली ती पोरगी, आणि पाकिटात घालून हातात दिला.
रास्ता पेठ, हॉस्पिटलचं तळघर, थंडी.

मंडई ते घर पूर्वी एका दमात.
आता दर दीडशे पावलांवर डावी पोटरी पकडते,
मी दुकानांच्या पाट्या वाचत उभा राहतो
काही घ्यायचं असल्यासारखा.
पाट्या पाठ झाल्या.

काचेपलीकडून आवाज : श्वास घ्या. रोखा.
औषध शिरेत गेलं. तोंडात तांब्याची चव,
मग ऊब, थेट जांघेपर्यंत.
चादर ओली झाल्यासारखं वाटेल, सांगितलं होतं तिनं,
तरी चाचपून पाहिलीच.
रोखलेल्या त्या श्वासात
कात्रजच्या नळाचे उच्छ्वास आठवले,
पेठेच्या पोटातला दगडी बोगदा,
एकदा उतरलो होतो, कंबरभर गाळात,
वर नाण्याएवढं आभाळ.
सोडा.

डॉक्टर तांबोळींनी पडदा माझ्याकडे फिरवला.
मांस नाहीच. हाडं पुसट, रक्ताची लाइन पांढरी.
बेंबीखाली दोन फाटे. उजवा ठीक.
डावा मांडीत येतो आणि
संपतो.
वीतभर काही नाही. गुडघ्याशी परत सुरू.
मग खाली पाणी येतं कुठून?
पाणी म्हणालो मी. ते हसले नाहीत.
पेनाच्या टोकानं दाखवल्या :
केसाएवढ्या, वेड्यावाकड्या,
कुठल्या नकाशात नसलेल्या.
ह्या तुमच्या शरीरानं आपल्याआपण वाढवल्यात.
ह्यांच्यावर पाऊल जगलंय.

एकतीस वर्षं महापालिकेत व्हॉल्व्हमन.
पहाटे चारला चावी फिरवायची,
दुपारी पथकाबरोबर चोरीची कनेक्शनं तोडायची.
जनता वसाहतीत हौसाबाई पाचर्णे
रिकामा हंडा घेऊन उभी होती. शिव्या नाहीत, काही नाही.
मोठ्या लाइनीचं आमच्यापर्यंत येत नाही, दादा,
एवढंच.
मी तोडलं. पंचनाम्यावर सही माझी.

उद्या सकाळी आठला.
उजव्या पायातली शीर काढून डाव्यात जोडणार,
कुठून कुठे, फोटोवर खुणा झाल्यात.
संमतीपत्रावर सही केली, मग विचारलं,
त्या बारक्यांचं काय करणार?

काही नाही, डॉक्टर म्हणाले,
त्यांना हात नाही लावायचा.

अंगठा गार पडला होता.
सिस्टरकडे अजून एक ब्लँकेट मागितलं.